सगळ्यांचा कप

येरवडा,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुसुम,

सप्रेम जयभीम. काल तुला फोन केला त्याचा काही उपयोग झाला नाही. मी 'कादंबरी' म्हणत होते आणि तू कोथिंबिरीबद्दल बोलत होतीस. शेजारच्या इंदुबाई खिडकीतून डोकावून गेल्या, भांडण लागलंय की काय बघायला. कानाचं यंत्र तू डबीतच ठेवणार असशील तर आपण आता पत्रच लिहू. कचेरीत तू जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसलीस, तेव्हा पत्राला उत्तर न देण्याची सोय तुला नाही.

बातमी अशी, की अक्षताचं लग्न पक्कं झालं. मुलगा तोच, मार्क, लीड्सला तिच्याच हॉस्पिटलात आहे. एप्रिलमध्ये अक्षताबरोबर तो आणि त्याची आई पुण्याला येताहेत, घर बघायला आणि मला बघायला. आईचं नाव जॅनेट, म्हणजे माझी होणारी विहीण. तिने अक्षताच्या मैत्रिणीबरोबर मला एक इंग्रजी कादंबरी पाठवली आहे, तिची सगळ्यात आवडती. आत चिठ्ठी आहे, की भेटू तेव्हा हिच्यावर गप्पा मारू.

आता माझी पंचाईत बघ. आयुष्य गेलं सरकारी इंग्रजीत. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' मी झोपेतही लिहीन. पण ह्या कादंबरीत कोणी कुणाला रेफरन्स देतच नाही. एडिथ नावाची एक विधवा आहे, समुद्रकाठच्या गावात तिची पावाची भट्टी आहे, सासरची माणसं खाष्ट आहेत, इथपर्यंत ठीक. मग ती कामावरच्या नव्या मुलीला भट्टीचं दार कसं लावायचं ते सांगते. कडी वर उचल, डावीकडे सरकव, 'अँड बॉब्ज युवर अंकल'. हा बॉब कोण? मी मागच्या कोऱ्या पानावर सगळ्यांची नाती पेन्सिलीने मांडली आहेत, पण ह्याला कुठे बसवू ते कळत नाही.

अक्षताला विचारणार नाही. ती कामाने पिचलेली असते, आणि आईचं इंग्रजी कच्चं आहे ही काळजी तिला लग्नाआधी नको. मला त्या बाईसमोर नीट बोलता यायला हवं, माझ्यामुळे पोरीची मान खाली जायला नको, एवढंच माझं म्हणणं. साहेबांची इंग्रजी पत्रं तू दुरुस्त करायचीस. सांग.

तुझी,
शालन


धायरी,
८ फेब्रुवारी २०२५

शालन,

तुझा जयभीम पोचला, माझा नमस्कार घे. अक्षताचं अभिनंदन. मुलाचा फोटो आमच्या नातवाने, आमोदने, मोबाइलवर दाखवला. उंच आहे. पंख्याला जपा. यंत्र मी डबीत ठेवते, कारण ते लावलं की आमच्या ह्यांचं बोलणं ऐकू येतं.

आता बॉब. ह्यात न कळण्यासारखं काय आहे? अंकल म्हटलंय म्हणजे नातेवाईक आहे. प्रश्न एवढाच, की काका की मामा. इंग्रजांचं एका शब्दात भागतं, आपल्याला ठरवावं लागतं. काका असता तर एव्हाना भट्टीत हिस्सा मागायला आला असता. आलेला नाही, त्या अर्थी मामा. मामा लिही आणि पुढे जा.

कादंबरी वाचण्याचे माझे दोन नियम आहेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. तो शब्दाचा अर्थ सांगतो आणि गोष्टीची चव घालवतो. आणि अडलं म्हणून थांबायचं नाही. मागच्या पानावर नडलेलं पुढच्या पानावर सुटतं. मोठ्या साहेबांचं अक्षर आपण असंच लावायचो, आठवतंय ना?

घाबरू नकोस. इंग्रज असली तरी विहीणच आहे, आणि मी आजवर दोन विहिणींना पुरून उरले आहे.

कुसुम

ता. क. कोथिंबीर मी महाग म्हटली नव्हती, शिळी म्हटली होती.


येरवडा,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुसुम,

तुझे नियम पाळते आहे. मोबाइल स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे आहे आणि त्यामुळे कुकर दोनदा करपला.

तुझ्या मामाचं काही खरं नाही. तो पुन्हा आला. ह्या वेळी पोस्टमन पाद्रीबुवांना स्टेशनची वाट सांगतो, पूल ओलांडा, उजवीकडे वळा, अँड बॉब्ज युवर अंकल. आता भट्टीवरच्या मुलीचा मामा पाद्रीबुवांचाही मामा कसा?

शिवाय नवीन घोळ आहे. एडिथने दिराला न विचारता जुनी भट्टी विकली, तेव्हा सासरच्यांनी तिला कॉव्हेंट्रीला पाठवलं. 'सेंट हर टू कॉव्हेंट्री' असं स्पष्ट लिहिलंय. मी अक्षताच्या शाळेतला नकाशा काढून बघितला. कॉव्हेंट्री खरंच आहे, समुद्रापासून चांगलं लांब. म्हटलं, सुटली बिचारी त्या घरातून. पान उलटलं तर बाई त्याच टेबलाशी बसून बटाटे सोलतेय! गाडी नाही, सामान नाही, गेली कधी आणि आली कधी? घरचे सगळे समोर आहेत, पण कोणी तिला प्रवास कसा झाला एवढंही विचारत नाही.

हे झालं हसण्यावारी. एक गोष्ट मात्र तुला मागच्या पत्रात लिहिली नाही. जॅनेटच्या चिठ्ठीत शेवटी एक वाक्य आहे. 'आय नो इट्स नॉट एव्हरीवन्स कप ऑफ टी.' आता 'नॉट माय कप ऑफ टी' मला माहीत आहे. अक्षता लहानपणी कारल्याच्या भाजीला म्हणायची. माझा कप नाही म्हणजे मला नको. पण सगळ्यांचा कप नाही म्हणजे काय? सगळ्यांना नको, की सगळ्यांना मिळणार नाही? आणि 'इट' म्हणजे कोण, पुस्तक, की त्यांचं घर, की हे लग्न?

इतके दिवस ते वाक्य मनातून जात नाही. कादंबरी राहू दे बाजूला, आधी ह्याचं सांग.

तुझी,
शालन


धायरी,
१९ फेब्रुवारी २०२५

शालन,

एकेक घेते.

कॉव्हेंट्री: वाघोलीएवढं लांब असेल. सकाळी गेली, दुपारी परत आली. आपल्याला वाघोलीहून दुपारी परत येता येत नाही, कारण मध्ये नगर रस्ता आहे. तिकडे वाहतूक बरी असेल.

बॉब: प्रत्येक गावात एक सगळ्यांचा मामा असतो. माझ्या माहेरी शनिवार पेठेत एक जनुमामा होते. कोणाचेच सख्खे नव्हते, पण प्रत्येक मुंजीत पहिल्या पंगतीला. बॉब त्यातलाच. माझं म्हणणं कायम आहे.

कप: ह्यात इतके दिवस घालवण्यासारखं मला काही दिसत नाही. आपण कचेरीत एक चहा दोघींत घ्यायचो, तू कपातून आणि मी बशीतून. इंग्रजांना ते चालत नसेल. ज्याचा त्याचा कप ज्याला त्याला, सगळ्यांचा मिळून एक नाही, असं ती आधीच सांगून ठेवते आहे. स्वच्छतेचं खूळ, दुसरं काय. आली की तिचा वेगळा कप काढून ठेव आणि मोकळी हो.

ह्यांनी विचारलंय, लग्नात जेवण आपलं की त्यांचं?

कुसुम


येरवडा,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुसुम,

'वेगळा कप काढून ठेव आणि मोकळी हो' हे तू सहज लिहिलंस. मीही सहजच सांगते, रागावून नाही.

माझे वडील दशरथदादा तरुणपणी गावाला होते, तेव्हा तिथल्या हॉटेलाच्या वळचणीला एक कान तुटलेला कप टांगलेला असायचा. तो आमच्या लोकांसाठी. आपण तो काढायचा, मालक वरून चहा ओतणार, बाहेर उभं राहून प्यायचा, विसळून परत टांगायचा. एके दिवशी दादांनी चहा प्यायला, पैसे ठेवले, कप दगडावर आपटून फोडला आणि ते तसेच पुण्याला निघून आले. इथे नोकरी लागल्यावर त्यांनी घरात पहिली वस्तू आणली ती निळ्या फुलांच्या सहा कपबश्या. पलंग नंतर आला. पोस्टमन येवो, भंगारवाला येवो, साहेब येवो, त्याच कपातून चहा. 'आपल्या घरी सगळ्यांचा कप एकच' असं म्हणायचे. त्यातले दोन कप अजून माझ्याकडे आहेत.

म्हणून ती ओळ वाचली आणि दादांचे ते दोन कप कपाटातून काढून बघितले. त्या बाईला ह्यातलं काही माहीत नसणार, हे मला कळतं. पण माझी पोर त्या घरात जाणार आहे. तिथे तिचा कप कुठे ठेवला जाईल हे मला कळायला नको का?

तुला हे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही, कारण सांगायची वेळच आली नाही. मी कचेरीत रुजू झाले त्या दिवशी दुपारी तू अर्धा चहा बशीत ओतून घेतलास आणि न बोलता कप माझ्याकडे सरकवलास. मी घरी जाऊन दादांना सांगितलं होतं.

तुझी,
शालन


येरवडा,
१२ मार्च २०२५

प्रिय कुसुम,

तुझं उत्तर नाही. मी रोज जिन्याखालची पत्रपेटी उघडून बघते. इंदुबाई विचारतात, कोर्टाची नोटीस यायची आहे का?

पण तुझ्या गप्प बसण्याचा एक फायदा झाला. मला कॉव्हेंट्रीचा अर्थ कळला! एडिथ कुठेही गेली नव्हती गं. ती तिथेच होती, बटाटे सोलत, आणि सगळ्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. आधी पेन्सिलीने 'वाळीत टाकलं' असं लिहिलं होतं, मग खोडलं. वाळीत गाव टाकतं. अबोला घरची माणसं धरतात आणि तो सुटतो. पुढे दीर गुपचूप तिच्यापुढे मिठाची वाटी सरकवतो तेव्हा तो सुटलाच. तेव्हा विचारते, कुसुम, तू मला कॉव्हेंट्रीला पाठवलंस का? पाठवलं असशील तर मीठ सरकव.

आणि आता खरी गंमत ऐक. काल दुपारी वाचताना माझी इतकी मोठी किंकाळी निघाली, की इंदुबाई लाटणं घेऊन धावत आल्या. एडिथचा एक म्हातारा कुत्रा आहे, एका डोळ्याने आंधळा, अंगाला वास येतो, पाहुण्यांचे बूट पळवतो. ती त्याला मांडीवर घेऊन पाद्रीबुवांना म्हणते, 'ही इज नॉट एव्हरीवन्स कप ऑफ टी.' कुसुम, त्या पानावर चहाचा थेंब नाही! ती त्याचे कान कुरवाळते आहे आणि मनातून भीतेय, की पाद्रीबुवा माझ्या लाडक्याला नावं ठेवणार. आपली जीव की प्राण वस्तू परक्यापुढे ठेवताना माणूस असं बोलतो. आपण ताट वाढून म्हणतो ना, 'गोड मानून घ्या'? तेच! जॅनेट मला बाहेर ठेवत नव्हती. माझं पुस्तक गोड मानून घ्या म्हणत होती. मी तिला घाबरत होते आणि तिकडे ती मला घाबरत होती. मी एवढी हसले, आणि थोडी रडले पण.

तुझे अर्थ सगळे चुकले, पण तुझा नियम खरा निघाला. मागचं पुढच्या पानावर सुटतं. बॉबसुद्धा सुटला. तो कोणाचा कोणी नाही. 'कडी डावीकडे सरकव, की झालंच काम!' एवढाच तो आहे. मी त्याला वंशावळीतून काढून टाकलाय.

आता तू बोल.

तुझी,
शालन


धायरी,
१७ मार्च २०२५

शालन,

अबोला धरायला मी काय नवी नवरी आहे?

तुझं ते पत्र वाचलं आणि दिवसभर मी ओट्याकडे फिरकले नाही. ह्यांना वाटलं ताप आला, थर्मामीटर घेऊन मागे लागले. तुझ्या दादांना मी भेटले आहे, त्यांच्या हातचा चहा त्याच निळ्या कपातून प्यायले आहे, आणि त्या कपामागे हे आहे ते मला माहीत नव्हतं. आणि वर तुला मी 'वेगळा कप' लिहून पाठवला. फार वाईट वाटलं. तीनदा पत्र लिहायला बसले, पण 'आय अ‍ॅम डायरेक्टेड टू स्टेट' ह्या कचेरीच्या वाक्यापुढे काही सुचेना. म्हणून लिहिणं सोडलं आणि ह्यांना घेऊन जुन्या बाजारात गेले.

तिथे दर रविवारी जुन्या क्रॉकरीवाल्यांच्या चादरींपुढे बसतो आहोत. ह्यांचे गुडघे गेले, माझी चप्पल गेली. एका विक्रेत्याला मी निळ्या फुलांचे कप विचारले, त्याने निळा पंप दाखवला. यंत्र घरी होतं, चूक कोणाची ते सांगता येत नाही. काल अखेर चार कप मिळाले, बश्या तीनच. तुझ्या कपांवर गुलाब आहेत, ह्यांच्यावर बहुधा जास्वंद आहे. निळं आहे ना, मग झालं. तुझे दोन आणि हे चार, दादांचे सहा पुरे. आमोद शनिवारी आणून देईल. धुऊन घे, जुन्या बाजाराची धूळ आहे.

हेच माझं मीठ समज.

कुत्र्याचं वाचून मलाही बरं वाटलं. विहीण शहाणी दिसते. मात्र माझे सगळे अर्थ चुकले हे तुझं मत झालं. बॉबला काढलंस ते घाईचं आहे. तो पुढच्या पानावर येणार नाही कशावरून?

कुसुम


येरवडा,
७ एप्रिल २०२५

प्रिय कुसुम,

परवा तू तीन तास माझ्या घरात समोर बसली होतीस, तरी हे पत्र लिहावं लागतंय, कारण यंत्र पुन्हा डबीत होतं आणि तुला निम्मं ऐकू आलेलं नाही. नंतर फोनवर ओरडून सांगण्यापेक्षा हे बरं.

जॅनेट दारात आली तेव्हा माझ्याइतकीच गोरीमोरी झाली होती. बसल्या बसल्या तिने विचारलं, पुस्तक कसं वाटलं? मी सांगितलं, की मला सगळ्यात जास्त कुत्रा आवडला. तिने माझे दोन्ही हातच धरले. म्हणाली, लोक नेहमी एडिथचं नाव घेतात, मला पण कुत्राच आवडतो! अक्षताने तिला सांगून ठेवलं होतं, की माझी आई फार वाचते, आणि त्या धास्तीने तिने ती एवढीशी चिठ्ठी कितीदा फाडून पुन्हा लिहिली होती. आमच्या ह्या गप्पा चालू असताना तू हसून मान डोलावत होतीस. तुला वाटत होतं आम्ही उन्हाळ्याबद्दल बोलतोय, कारण मध्येच तू 'मे इज वर्स' म्हणालीस.

मग तू तो प्रश्न विचारलास. खणखणीत आवाजात, 'हाऊ इज बॉबमामा?' अक्षताने कपाळाला हात लावला. मी जमेल तसं सगळं सांगितलं, वंशावळ, जनुमामा, भट्टीचा हिस्सा. जॅनेट इतकी हसली, की मार्कने तिची पाठ चोळली. ती म्हणाली, त्याचा अर्थ 'झालंच काम' असाच आहे. हे तुला ऐकू आलं नाही ह्याचं मला फार वाईट वाटलं. पण पुढचंही ऐकू आलं नाही, आणि ते न सांगणं बरं दिसणार नाही, म्हणून मन मोठं करून लिहिते. डोळे पुसून ती म्हणाली, तरी गंमत बघा, मला खरंच एक अंकल बॉब होता. पोस्टमन होता, मला खांद्यावर बसवून समुद्र दाखवायचा. मी विचारलं, वडिलांचा भाऊ? ती म्हणाली, नाही, आईचा.

आता चहाचं. ते तू बघितलंस, पण बोलणं ऐकलं नाहीस. जॅनेट, मार्क, अक्षता, तू, तुझे हे, इंदुबाई आणि मी अशी सात माणसं, आणि कप सहा. मी स्टीलचा पेला आणायला उठत होते, तेवढ्यात तू नेहमीसारखा अर्धा चहा बशीत ओतलास आणि कप माझ्याकडे सरकवलास. जॅनेटने विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमची कचेरीची पद्धत. तिने लगेच आपला चहा बशीत ओतला, निम्मा स्कर्टवर सांडला, आणि कप अक्षतापुढे धरला. दादांच्या दोन गुलाबांपैकी एक होता तो. माझ्या तोंडून इंग्रजी निघालं, 'नाऊ इट इज एव्हरीवन्स कप ऑफ टी.' तिने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं मी विनोद केला. केलाच होता. पण तू तिकडे पदराने डोळे का पुसत होतीस? यंत्र नव्हतं ना कानात?

पोर चांगल्या घरी चालली आहे, कुसुम. मला आता कसलीही भीती नाही. जाताना दादांचा एक कप अक्षताच्या बॅगेत घातला, तीन सदऱ्यांत गुंडाळून. आता तो लीड्सला राहील. आपल्याकडे मात्र पाचच उरले.

तुझी,
शालन


धायरी,
११ एप्रिल २०२५

शालन,

आईचा भाऊ म्हणजे मामा. आठ फेब्रुवारीचं माझं पत्र काढून बघ. तारखेसह लिहिलेलं आहे. बॉबला वंशावळीत परत घे, आणि ह्या वेळी शाईने लिही.

त्या बाईला माझा नमस्कार कळव. बशीतून प्यायला शिकली, आता मराठी येईलच. मे महिन्याबद्दल मी जे म्हटलं ते मात्र खरंच आहे.

डोळ्यांत धूर गेला होता. तुमच्याकडे गॅस आहे हे मला माहीत आहे, तरी धूर गेला होता.

पाच उरले म्हणून हळहळू नकोस. ह्यांनी रविवारी पुन्हा जुन्या बाजारात जाऊ म्हटलं, मी नको म्हणाले. कप कमीच असू देत. मला बशी पुरते.

कुसुम